नॅक बंद करून साधणार काय? (त्या ‘कागदी घोडे’ लेखाला उत्तर)

जुना खडू

गेल्या आठवड्यात नॅकबद्दल, म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन करून श्रेणी देणाऱ्या परिषदेबद्दल, इथेच एका सदस्याने लिहिलं होतं: ‘नॅक म्हणजे निव्वळ कागदी घोडे. कॉलेजने स्वतःचा अहवाल स्वतः लिहायचा म्हणजे पोराने स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा. कॉलेजला कसलं आलंय ध्येय? तास घ्या, निकाल लावा, घरी जा. बंद करा हे थोतांड.’ खाली टाळ्यांचा पाऊस. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी तालुक्याच्या ठिकाणी अनुदानित कॉलेजात आयक्यूएसीचा (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा) समन्वयक होतो. पीडीएफचा आकार कमी करत जागवलेल्या रात्री, जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो नीट आला नाही म्हणून तेच रोप उपटून पुन्हा लावणं, सगळं करून झालंय. कागदी घोडे कसे असतात ते मला शिकवू नका.

पण बंद करा म्हणणाऱ्यांनी नॅकचं मॅन्युअल तरी उघडलंय का? संलग्न कॉलेजांसाठी हजारातले ३५० गुण शिकवणं, शिकणं आणि मूल्यमापनाला आहेत. इमारत, ग्रंथालय, संगणक मिळून १००. २०१७ नंतर साधारण सत्तर टक्के भाग आकडेवारीवर ठरतो आणि पीअर टीमची, म्हणजे नॅकच्या पाहणी पथकाची, गाडी फाटकात शिरायच्या आधी तो डीव्हीव्हीतून (आकडे आणि पुरावे पडताळायच्या टप्प्यातून) तपासून झालेला असतो. तरी आपण काय करतो? भिंती रंगवतो, रांगोळ्या घालतो, शाली आणतो. हा दोष नॅकच्या बंगळुरूच्या ऑफिसचा नाही.

आता ध्येयाबद्दल. आमच्या संस्थेच्या कोनशिलेवर ‘ग्रामीण भागातील मुलींच्या उच्च शिक्षणासाठी’ असं कोरलेलं आहे. वर्षानुवर्षं ते वाचून आम्ही आत शिरत होतो. एसएसआरसाठी, म्हणजे कॉलेजने नॅकला द्यायच्या त्या स्वतःच्या अहवालासाठी, मुलींची वर्षवार संख्या काढली तेव्हा दिसलं की शास्त्र शाखेच्या मुली दुसऱ्या वर्षाला गळतात. मार्क चांगले असताना गळतात. चौकशी केली तर कारण असं की दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल दुपारच्या बॅचला, ती सुटेपर्यंत दोन-तीन गावांकडची शेवटची एसटी निघून गेलेली. लग्न, घरची परिस्थिती वगैरे आम्ही धरून चाललेली कारणं नंतरची. प्रयोगशाळा एकच, म्हणून बॅचेस उलटसुलट केल्या, त्या गावांच्या मुली सकाळी. खर्च शून्य.

हे कुठल्या तपासणी पथकाला सापडलं असतं? ते आमचं आम्हालाच मोजावं लागलं. कशासाठी आहोत, हातात काय आहे आणि त्यात किती झेपतं, हे तीन प्रश्न पाच वर्षांतून एकदा सक्तीने विचारले जातात. सक्ती काढा, कुणीही विचारणार नाही.

तासिकावाला

असहमत. एसटीचं उदाहरण छान आहे सर, खरंच. पण तुम्ही मुली मोजल्यात, शिक्षक कसे मोजलेत ते पण सांगा ना.

नॅकचा मुद्दा २.४.१: मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षकांची टक्केवारी. नॅकची व्याख्या स्पष्ट आहे, अख्खं शैक्षणिक वर्ष, पूर्णवेळाच्या किमान ९० टक्के तास. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. परीक्षा संपली की मी नाही, जून-जुलैत पुन्हा मुलाखतीचं नाटक. तरी एका कॉलेजच्या एसएसआरमध्ये मी पूर्णवेळ शिक्षक आहे! लागोपाठ सगळ्या वर्षांची नियुक्तिपत्रं एकाच दिवशी एकाच प्रिंटरवर निघाली, जुन्या तारखा टाकून. माझ्या सह्या घेतल्या. चहा पाजला.

प्रभारी

तासिकावाले, राग समजतो, पण सगळं खापर कॉलेजवर फोडू नका. मी प्रभारी प्राचार्य आहे. आमच्याकडे मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी. भरायची परवानगी सरकार देत नाही. २०२१ मध्ये सगळ्या राज्यासाठी २०८८ पदांना मान्यता दिली, ती तरी कुठे वेळेत भरली गेली? पदं सरकारने अडवायची आणि ती रिकामी का म्हणून नॅकने आमचे गुण कापायचे. हातपाय बांधून पळायला लावण्यातला प्रकार.

आणि विद्यार्थी वर्गात नसतात त्याचं काय? अर्धा वर्ग एमपीएससीच्या अभ्यासिकेत. त्यावर एक निकष काढा म्हणावं.

कुंपणावर

खुर्ची, शेंगदाणे घेऊन बसलोय. काथ्याकूट चालू द्या.

दोन पोरांचा बाप

मी शिक्षक नाही, फी भरणारा. मुलीच्या कॉलेजच्या फाटकावर ए प्लसचा फलक आहे, रस्त्यावरून वाचता येईल एवढा. आत दिवाळीपर्यंत फिजिक्सला माणूस नव्हता. मग जो आला तो दोन कॉलेजं करणारा, आठवड्यातून तीन दिवस. या अहवालात मी कुठे आहे ते सांगा.

जुना खडू

@दोन पोरांचा बाप: विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतं, नॅक थेट मुलांना ईमेल पाठवतं. तुमच्या मुलीने ते भरलं होतं का विचारा.

दोन पोरांचा बाप

विचारलं. ‘सरांनी वर्गात सांगितलं होतं काय भरायचं ते’ म्हणाली.

कुंपणावर

😂😂 शेंगदाणा घशात अडकला.

सिएटलकर

जुना खडू यांच्याशी बराचसा सहमत. मी वॉशिंग्टन राज्यात एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. इथे नॉर्थवेस्ट कमिशन ऑन कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीजची मान्यता लागते. चक्र सात वर्षांचं, मध्ये तिसऱ्या वर्षी एक टप्पा. २०२० च्या त्यांच्या निकषांत दोनच भाग आहेत: एक विद्यार्थ्यांचं यश आणि संस्थेचं ध्येय व परिणामकारकता, दुसरा कारभार, संसाधनं आणि क्षमता. म्हणजे खडूसरांचे तीन प्रश्नच. ए प्लस, बी प्लस असलं काही नाही. मान्यता असते, अटी घातलेल्या असतात, इशारा असतो किंवा मान्यता जाते. ती गेली की विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची आर्थिक मदत बंद, त्यामुळे कुणी गमतीत घेत नाही.

ध्येय आणि ताकद यांचा मेळ बसला नाही तर काय होतं त्याचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं सिटी कॉलेज. बावीस भानगडी एकत्र: पदवीची पहिली दोन वर्षं, व्यवसाय शिक्षण, नवख्या स्थलांतरितांना इंग्रजी, ज्येष्ठांचे वर्ग. पैसा आटला तरी यातलं काही सोडायची तयारी नव्हती. जुलै २०१३ मध्ये तिथल्या कमिशनने मान्यता काढायचं जाहीर केलं. २०१७ च्या जानेवारीत सात वर्षांची मान्यता परत मिळाली, पण मधल्या काळात विद्यार्थी भराभर घटले.

तासिकावाला

ताई, मग पूर्ण गोष्ट सांगा की. त्या कॉलेजातलं शिकवणं वाईट आहे असा ठपका होता का? आक्षेप होते कारभारावर, पैशाच्या नियोजनावर, राखीव निधीवर. आणि शहराच्या वकिलाने कमिशनवरच खटला भरला होता. ज्यांना शिकायला दुसरी जागा नाही त्यांच्या वर्गांना ‘झेपत नाही’ म्हणून कात्री लावायची, याला तुम्ही मूल्यमापन म्हणता. क्षमता कमी पडली की ध्येय छाटा. क्षमता वाढवा असं कुठलंच कमिशन सरकारला सांगत नाही.

आणि जाता जाता, तुमच्याकडे अर्धवेळ शिक्षक किती?

सिएटलकर

बहुसंख्य. मी स्वतः अर्धवेळ आहे, दोन कॉलेजं करते. 😐 मुद्दा मान्य, पण निदान इथे अहवालात मला पूर्णवेळ दाखवत नाहीत.

तासिकावाला

वा. म्हणजे जगभर एकच धंदा, फक्त तिकडे खरं लिहितात. अभिनंदन.

जुना खडू

तासिकावाले, प्रत्येक धागा सीएचबीवर नेऊन आदळायचा हा तुमचा जुना छंद आहे. मागे पुस्तकांच्या धाग्यावरही तेच. विषय आत्ममूल्यमापनाचा आहे.

तासिकावाला

विषय तोच आहे सर! नेट झालंय, पीएचडी झालीय. नात्यात मुलगी बघायला गेलो तर पहिला प्रश्न ‘पर्मनंट का?’ जागा निघाली की संस्थेचा माणूस आधी ‘किती देणार’ विचारतो, विषय कोणता ते नंतर. तुमचं एसएसआर ज्या खांद्यावर उभं आहे तो खांदा माझा आहे. सातवा निकष, मूल्यं आणि उत्तम उपक्रम, तोही मीच लिहिला होता, तासिकेचे पैसे न घेता. तुम्हाला पेन्शन आहे, तुम्ही ‘आत्ममूल्यमापन’ म्हणा.

प्रभारी

पेन्शनवर कशाला घसरताय? वयाने मोठे आहेत ते. जरा भान ठेवा.

तासिकावाला

भान ठेवूनच सह्या केल्या ना इतकी वर्षं.

ग्रंथपाल

सगळ्यांनी एक मोठा श्वास घ्या. माझंही ऐका, कारण ग्रंथालय कुणालाच आठवत नाही, फक्त टीम येणार म्हटल्यावर आठवतं.

रोज किती विद्यार्थी-शिक्षक वाचनालयात येतात, त्याचं रजिस्टर लागतं. आमच्याकडे ते नियमित भरलं जात नव्हतं. अहवालाच्या आधी दोन शिपाई आणि एक क्लार्क बसून भरलं. मी बघितलं तर तीन महिन्यांच्या सह्या एकाच निळ्या पेनने, सगळ्यांची ‘र’ला तीच शेपटी, आणि रविवारीसुद्धा मुलं येऊन गेलेली. मी ते रजिस्टर जोडायला नकार दिला, प्राचार्यांशी वाजलं. शेवटी खरी नोंद होती तेवढ्याच दिवसांची दिली.

पण त्याच अहवालासाठी देवघेवीच्या नोंदी काढल्या तेव्हा कळलं की आमचे अर्ध्याहून जास्त वाचक बीएच्या पहिल्या वर्षाचे, आणि आम्ही खरेदी करत होतो बीकॉमच्या संदर्भग्रंथांची, कारण मार्चमध्ये निधी संपवायचा आणि विक्रेत्याकडे तेच तयार. पुढच्या वर्षी यादी बदलली. खडूसर म्हणतात तसं घडतं, पण खोटं रजिस्टर बाजूला ठेवल्यावर.

नवीन सदस्य

नमस्कार, आमचं नॅकचं पहिलं सायकल (फेरी) आहे. कुणाकडे भरलेलं एसएसआर वर्ड फाइलमध्ये असेल तर कृपया पाठवा. ध्येय आणि दूरदृष्टी तयार असलेलं चालेल. शाखा: कला, वाणिज्य.

कुंपणावर

धागा इथेच संपला. लोकहो, घरी जा.

ग्रंथपाल

@नवीन सदस्य: कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये रयत काढली तेव्हा ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ कुणाच्या वर्ड फाइलमधून घेतलं नव्हतं. पोरांनी वसतिगृहात काम करून शिकायचं, ते ब्रीद रोज हातात फावडं देत होतं. तुमच्या कॉलेजात कोण येतं ते आधी बघा, मग दोन ओळी लिहा.

दोन पोरांचा बाप

एवढं सगळं प्रामाणिकपणे लिहिलं तरी तपासणार कोण? फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने नॅकच्या तपासणी पथकातल्या लोकांनाच लाचेच्या प्रकरणात पकडलं. त्याआधी २०२३ मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष भूषण पटवर्धन गैरप्रकारांची चौकशी मागून राजीनामा देऊन बाहेर पडले. आणि तुम्ही मला मॅन्युअलमधले गुण सांगताय.

जुना खडू

तपासणारे विकले जातात म्हणून स्वतःचा हिशेब ठेवायचा नाही, हे मला पटत नाही. उलट बाहेरच्याचा भरवसा नसेल तर आतलं मोजणं जास्त लागतं.

श्रेणीबद्दल मात्र... बरं, घ्या. श्रेणीमुळे खोटं बोलायला बक्षीस मिळतं, एवढं कबूल. २.४.१ मध्ये खरा आकडा टाकला की गुण जातात, खोटा टाकला की फाटकावर फलक लागतो. राधाकृष्णन समितीने सुचवलेली बायनरी पद्धत, मान्यता आहे किंवा नाही एवढंच, २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाली ती त्यासाठीच. पण तिच्याच शेजारी पाच पातळ्यांची शिडीही ठेवली आहे, म्हणजे फलक रंगवणाऱ्यांची सोय कायम. श्रेणी काढा, अहवाल ठेवा, जाहीर ठेवा. माझं म्हणणं इतकंच आहे आणि पहिल्यापासून तेच होतं.

तासिकावाला

पहिल्यापासून नव्हतं, पण असू दे. श्रेणी नाही म्हटल्यावर संस्थाचालक अहवालाला हात तरी लावतील का, हे सांगा.

प्रभारी

नाही लावणार. खरं सांगतो. माझ्याकडे फंड मंजूर होतो तो ‘ग्रेड सुधारायची आहे’ या एका वाक्यावर. नवे संगणक, मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती, सगळं त्याच वाक्यावर झालं. तुमची श्रेणी गेली की माझं ते वाक्य जातं.

ग्रंथपाल

हे मात्र आमच्याकडेही तसंच. नव्या रॅक तशाच आल्या.

तासिकावाला

प्रभारी सर, मग एक करा. यंदा एसएसआर तुमच्या सहीने जाईल ना? २.४.१ मध्ये पूर्णवेळ तेवढेच दाखवा. सीएचबी किती, कोणत्या विषयाला, किती महिने, हे वेगळ्या तक्त्यात लिहा. रिकाम्या पदांसाठी सरकारला पाठवलेली पत्रं पुरावा म्हणून जोडा. गुण जातील ते सरकारच्या नावावर मांडा.

प्रभारी

आणि सी श्रेणी आली तर संस्थेला उत्तर तुम्ही देणार?

तासिकावाला

मी कोण देणार, मी तर मे महिन्यात नसतोच. एसएसआर संकेतस्थळावर टाकावं लागतं. टाकलंत की लिंक इथे द्या, तक्ता बघतो.

प्रभारी

बघू. आयक्यूएसीच्या बैठकीत विषय ठेवतो. आश्वासन देत नाही.