छोटी आगबोट विकत घेताना आधी काय पाहावे : बॉयलर की बोटीचा सांगाडा?

इंग्लंडमध्ये विंडरमियर तलावाच्या परिसरात राहणाऱ्या आमच्या एका मराठी स्नेह्यांनी एकवीस फुटी, वाफेवर चालणारी जुनी लाँच विकत घेण्याचे मनात आणले आहे. मी स्वतः सहा उन्हाळे अशी बोट चालवली असल्याने त्यांनी मला सल्ला विचारला. आगबोट म्हटले की आपल्यापैकी अनेकांना मुंबईहून कोकणात जाणाऱ्या मोठ्या बोटींच्या घरी ऐकलेल्या गोष्टी आठवतात. येथे विषय आहे तो चार-सहा माणसे बसतील अशा, हौसेने राखलेल्या छोट्या बोटीचा.

माझे मत स्पष्ट आहे. गिऱ्हाईक चकाकणारे पितळ, वार्निश केलेले लाकूड आणि धुराडे पाहून भुलते. परंतु पहिला तास बॉयलर आणि त्याची कागदपत्रे यांनाच द्यावा. समजा, बॉयलरमध्ये पन्नास किलो पाणी आहे आणि वाफेचा दाब सात बार आहे (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाइतका दाब). ते पाणी साधारण १७० अंश सेल्सियसला पोहोचलेले असते. कवच फाटून दाब एकाएकी नाहीसा झाला, तर त्यातील सुमारे साडेसहा किलो पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि तिला अकरा घनमीटर जागा लागते. ती वाफ ज्यांच्या अंगावर येईल, ती माणसे दोन हातांवर बसलेली असतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये अशा बॉयलरची ठरावीक काळाने थंड पाण्याच्या दाबाने आणि दरवर्षी प्रत्यक्ष वाफेवर चाचणी केली जाते. पाण्याच्या चाचणीत कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब देतात. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्याने त्या वेळी तडा गेला तरी स्फोट होत नाही. चाचणीचा चालू दाखला नसेल, तर विमा मिळण्याची आशा धरू नये. 'दाखला नंतर करून देतो' असे विक्रेता म्हणू लागला, तर तो हाती पडेपर्यंत पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट बॉयलरच्या प्रकाराची. उभ्या, अग्निनळ्यांच्या बॉयलरमध्ये, म्हणजे ज्यात नळ्यांतून भट्टीचे गरम वायू जातात आणि भोवती पाणी असते अशा बॉयलरमध्ये, पाणी पुष्कळ मावते. त्याला वाफ धरायला पाऊण तास, कधी तासही लागतो, पण नवशिक्याची थोडी चूक तो सांभाळून घेतो. याउलट नळ्यांत पाणी आणि बाहेर आच असलेला जलनळ्यांचा बॉयलर वीस-पंचवीस मिनिटांत तयार होतो, मात्र त्यात पाणी कमी असल्याने पाणीपातळी दाखवणाऱ्या काचेवरून नजर फार वेळ हलवता येत नाही. पहिलीच बोट असेल, तर मी पहिला प्रकार सुचवीन.

प्रतिसाद १

धागाकर्त्यांच्या सुरक्षिततेच्या आग्रहाबद्दल दुमत नाही. तरीही खरेदीचा क्रम त्यांनी उलटा लावला आहे, असे मला वाटते. मी लाकडी बोटींच्या दुरुस्तीचे काम करतो. बॉयलर हा चार नटबोल्ट आणि काही नळ्या सोडवून बाहेर काढता येणारा भाग आहे. तो खराब निघाला तर नवा बनवून घेता येतो आणि त्याचा खर्च आधी विचारून कळतो. तळातील मुख्य लाकूड किंवा फासळ्या कुजल्या असतील, तर मात्र एक फळी काढल्यावर दुसरी, दुसरीनंतर तिसरी असे काम वाढत जाते आणि शेवटचा आकडा कामाच्या अखेरीसच समजतो.

वाफेच्या बोटीत कुजण्याची जागाही ठरलेली असते, ती म्हणजे बॉयलरच्या खालचा तळ. तेथे गरम, दमट हवा कोंडते, कोळशाची ओली राख साचते, आणि त्या राखेमुळे खिळे व स्क्रू गंजतात. पाहणी करताना तेथील फळी उचलून खालचे लाकूड टोचणीने तपासावे. विक्रेता त्याला नकार देत असेल, तर बोट घेऊ नये.

विंडरमियरच्या संग्रहालयातील 'डॉली' ही १८५०च्या सुमाराची बोट १८९५च्या कडाक्याच्या थंडीत अल्सवॉटर तलावात बुडाली आणि १९६२मध्ये वर काढली गेली. थंड गोड्या पाण्याखालच्या चिखलात तिचे लाकूड टिकले. हवा आणि ओल आळीपाळीने मिळणारी बोट मात्र आच्छादनाखालीही दहा वर्षांत खराब होऊ शकते, म्हणून ती हिवाळ्यात कोठे ठेवली जात होती हे मी पहिल्या भेटीतच विचारतो.

प्रतिसाद २

दोघांचेही वाचले. मूळ प्रश्न वेगळा आहे : मुळात वाफच का? अशा छोट्या बोटीत भट्टीच्या उष्णतेपैकी जेमतेम पाच टक्के बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्यातील पंख्यापर्यंत पोहोचते. म्हणजे तीन किलोवॅट कामासाठी साठ किलोवॅट उष्णता, अर्थात ताशी सात किलोच्या आसपास चांगला कोळसा. असा कोळसा मिळवणेही आता सोपे राहिलेले नाही : वेल्समधील फॉस-ई-फ्रान ही कोळशाची उघडी खाण नोव्हेंबर २०२३मध्ये बंद झाली. लाकडावर चालवायचे, तर ते भराभर जळते आणि बसण्याची अर्धी जागा सरपणालाच लागते. त्याच सांगाड्यात विजेची मोटर आणि बॅटरी बसवली, तर तलावावर अधिक शांतता लाभेल आणि हवाही स्वच्छ राहील. कुटुंबात लहान मुले असतील, तर मला हा मुद्दा निर्णायक वाटतो.

धागाकर्ता

प्रतिसाद १ मधील बॉयलरखालच्या लाकडाचा मुद्दा मला मान्य आहे; माझ्या लिखाणात तो यायला हवा होता. पण बॉयलर सहज बदलता येतो, हे पूर्णपणे मान्य नाही. नव्या बॉयलरचे वजन व उंची वेगळी असली तर बोटीचा तोल बदलतो, धुराडे पुलाखालून जाईनासे होते, आणि इंजिनाला लागणारी वाफ पुरेशी मिळेल याची खात्री राहत नाही. इंजिन, बॉयलर, पंखा यांचा मेळ बसायला जुन्या मालकाने काही वर्षे घालवलेली असतात. आपण त्याचीही किंमत देत असतो.

प्रतिसाद २ मधील हिशेब बरोबर आहे, आणि केवळ फिरण्यासाठी बोट हवी असेल तर विजेची बोट घ्यावी, असे मीही सांगेन. वीस फूट जलरेषेच्या सांगाड्याचा वेग तसाही सहा नॉटच्या आसपास थांबतो, त्यामुळे वाफेने अधिक वेगही मिळत नाही. ज्याला भट्टी पेटवणे, पाणी राखणे, दट्ट्याच्या दांड्यांना तेल घालणे हेच आवडते, त्याच्यासाठी वाफ आहे. माझ्या मुलीला वाफेचा दाब, उष्णता आणि काम यांचा संबंध त्या बोटीवर जितका समजला, तितका पुस्तकातून समजला नव्हता. हा लाभ मी टक्क्यांत मोजू शकत नाही.

प्रतिसाद ३

मी निवृत्त मरीन इंजिनियर आहे. आतापर्यंत न आलेली एक बाब मांडतो. सिलिंडरमध्ये घातलेले तेल वापरलेल्या वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये (वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागात) आणि तेथून पाण्याच्या टाकीत येते. ते गाळले गेले नाही, तर बॉयलरच्या आतील पृष्ठभागावर त्याचा पापुद्रा बसतो; उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि नळीचा धातू प्रमाणाबाहेर तापतो. बाहेरून सारे उत्तम दिसते. म्हणून टाकीचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का आणि गाळणी शेवटची कधी बदलली, हे पाहावे. बॉयलरला पाणी देण्याची दोन स्वतंत्र साधने हवीत : इंजिनावर चालणारा पंप आणि त्याखेरीज हातपंप किंवा इंजेक्टर (वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन). इंजिन थांबलेले असताना पाणी खाली गेले, तर पहिला पंप काहीच करू शकत नाही.

धागाकर्त्यांशी माझा मतभेद एवढाच की दाखला हा चाचणीच्या दिवशीची स्थितीच सांगतो. नंतरच्या हिवाळ्यात बॉयलर, पंप आणि नळ्यांतले पाणी काढायचे राहिले असेल, तर गोठून त्यांना तडे गेलेले असू शकतात, आणि दाखल्यावर ते दिसणार नाहीत. मालकाने ठेवलेली नोंदवही मी दाखल्याच्या बरोबरीने वाचेन.

धागाकर्ता

नोंदवहीची सूचना मी आमच्या स्नेह्यांना आजच कळवली. शनिवारी आम्ही दोघे बोट पाहायला जात आहोत. आम्ही पोहोचेपर्यंत भट्टी पेटवू नये, अशी विनंती विक्रेत्याला केली आहे. थंड बॉयलरपासून पूर्ण दाब यायला किती वेळ लागतो, सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडतो का आणि हातपंप खरोखर पाणी ओढतो का, हे तिघांच्या देखत पाहायचे आहे. त्यापूर्वी, सर्व काही थंड असताना, बॉयलरखालची फळी उचलायची आहे.