फादर लमेत्र यांनी खोडलेला परिच्छेद

वसईवाला
मी फिजिक्स शिकवतो आणि रविवारी मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) जातो. पंधरा वर्षांत या दोन गोष्टींचं भांडण माझ्या घरी कधी झालं नाही, स्टाफरूममध्ये मात्र होतं. परवा डबा खाताना एक सहकारी म्हणाले, "सर, तुम्ही डोकं चर्चबाहेर चपलांबरोबर काढून ठेवता की काय?" (आम्ही चपला काढत नाही, पण असो.) उत्तर सुचलं ते नेहमीप्रमाणे घरी आल्यावर, म्हणून हा धागा.

महास्फोटाची, म्हणजे 'बिग बँग'ची, मूळ कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. १९२३ मध्ये दीक्षा घेतली, मग केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे शिकले, पुढे लूवाँ विद्यापीठात प्राध्यापक झाले. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्येच मांडलं. तेच निरीक्षणांवरून सांगणारा खगोलशास्त्रज्ञ हबलचा निबंध आला १९२९ मध्ये. १९३१ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात लमेत्र यांनी विश्वाच्या आरंभावर एक छोटं टिपण दिलं. त्याच्या टंकलिखित प्रतीत शेवटी देवाबद्दल एक परिच्छेद होता: देव हा लपलेलाच असतो, आणि आजचं भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा ओढतंय याचा आनंदच वाटावा, अशा अर्थाचा. छापायला देण्याआधी लमेत्र यांनी तो खोडला.

१९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी याच नव्या विश्वशास्त्राचा दाखला निर्मितीच्या बाजूने दिला, तेव्हा टाळ्या वाजवण्याऐवजी लमेत्र अस्वस्थ झाले. श्रद्धा असलेला अभ्यासक कुठे थांबतो, ते मला त्या खोडलेल्या ओळींत दिसतं.

प्रश्नचिन्ह
परिच्छेद खोडला याचं कौतुक करताय, पण तो खोडावा का लागला? खरं वाटत होतं तर छापायचं. नसेल तर मनातूनही खोडायचं. 'नेचर'च्या पानावर पुरावा लागतो आणि मिस्सात लागत नाही, ही सवलत दिली कुणी? येशू तिसऱ्या दिवशी उठला, हा इतिहासातल्या घटनेबद्दलचा दावा आहे. एवढ्याच साक्षीवर विद्यार्थ्याने प्रयोगवहीत निष्कर्ष लिहिला तर सर, लाल पेन तुम्हीच काढाल.

आणि हे चर्च तेच, ज्याने १६३३ मध्ये गॅलिलिओला गुडघ्यावर बसवलं. चूक झाली हे जाहीर कबूल करायला १९९२ उजाडलं.

अवकाळी
श्रद्धेमुळे माणूस निष्कर्ष वाकवू शकतो, मान्य. पण अश्रद्धेमुळे वाकवत नाही? खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल नास्तिक. आरंभ असलेल्या विश्वात त्याला बायबलचा वास यायचा. 'बिग बँग' हा शब्दही त्याचाच, १९४९ च्या रेडिओ भाषणातला. १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारणाचा, म्हणजे महास्फोटाच्या बाजूने जाणाऱ्या, सगळ्या आकाशातून येणाऱ्या मंद प्रारणाचा, शोध जाहीर झाल्यावरही त्याची वाट तीच राहिली. १९९३ मध्ये बर्बिज आणि आपले नारळीकर यांच्यासोबत त्याने स्थिर स्थिती सिद्धान्ताची (विश्वाला आरंभच नाही असं मानणाऱ्या) सुधारित आवृत्ती मांडली. ती तपासायची तर निरीक्षणांवर. हॉइल देव मानत होता की नाही, यावर नाही.

उलट एडिंग्टन बघा. माणूस क्वेकर पंथाचा, सश्रद्ध, आणि १९३१ मध्ये विश्वाला आरंभ असण्याची कल्पनाच त्याला नकोशी होती. गुरू-शिष्य दोघेही ख्रिस्ती, मतं मात्र विरुद्ध. मग श्रद्धेने नेमकं ठरवलं काय?

प्रश्नचिन्ह
एडिंग्टनचा मुद्दा चांगला आहे, मी विचार केला नव्हता. पण हॉइलच्या नास्तिकपणामागे पोप नव्हता, बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी नव्हती. माणूस हट्टी असणं वेगळं आणि हट्टाला गादी मिळणं वेगळं.

केडगावची_लेक
सगळे आकाशातच अडकलात. पंडिता रमाबाई कुणाला आठवल्या नाहीत? १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं, आणि त्याच काळात त्रैक्याच्या सिद्धान्तावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) चर्चच्या मंडळींशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. एका पुरोहितशाहीचं जू मानेवरून उतरवलं ते दुसरं घ्यायला नव्हे, हे त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. पुढे बायबलचं मराठी भाषांतर करायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बाईंनी डोकं बाहेर काढून ठेवलं असतं तर त्यांच्याशी पत्रांतून वाद घालणाऱ्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनचा केवढा ताप वाचला असता!

प्रश्नचिन्ह
बाईंच्या बुद्धीबद्दल वादच नाही, दंडवत. पण इतके प्रश्न विचारून त्या राहिल्या त्याच वाड्यात, फक्त खोली बदलली.

केडगावची_लेक
खोली स्वतः निवडली. त्या काळात किती बायकांना ते जमलं, सांगा.

वसईवाला
प्रयोगवहीचा टोला लागला. त्या साक्षीवर मी विद्यार्थ्याला मार्क देणार नाही, खरं आहे. आणि 'ती गोष्ट वेगळी' असं म्हणून सुटायचं नाही मला. माझी श्रद्धा पुराव्यातून आलेली नाही. आजीच्या रोजच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतून आली, आणि मोठेपणी ती मी पुन्हा तपासून ठेवून घेतली. ती तपासणी प्रयोगशाळेतली नव्हती, एवढं कबूल.

पण खोडलेल्या परिच्छेदाला भीती म्हणू नका. तरुणपणी लमेत्र यांनी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात भौतिकशास्त्र शोधून पाहिलं होतं आणि नंतर तो नाद सोडला. हात पोळलेल्या माणसाची ती खाडाखोड आहे.

त्या टंकलिखिताचा फोटो सोमवारी स्टाफरूममध्ये नेतोय. सहकारी काय म्हणणार तेही माहीत आहे: "बघा, खोडलंच ना शेवटी!"