अ‍ॅक्रिलिकचे कुंचले पाण्यात उभे ठेवणे थांबवावे का?

धागाकर्ती, जळगाव
मी अ‍ॅक्रिलिकमध्ये काम करते आणि घरी काही मुलांना शिकवते. चित्र संपेपर्यंत सगळे कुंचले पाण्याच्या डब्यात उभे ठेवायची सवय आपण मोडलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कुंचल्याचा सगळा भार केसांच्या टोकावर येऊन टोक वळते आणि बहुधा पुन्हा सरळ होत नाही. शिवाय दांड्यात पाणी मुरून लाकूड फुगते, वाळले की आकसते, वरच्या रंगाचे टवके उडतात आणि केस धरणारी पत्र्याची नळी सैल होते. मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीच्या चपट्या कुंचल्याची नळी केसांसकट निसटली आणि नुकत्याच रंगवलेल्या ओल्या आकाशावर पडली. तिचा उतरलेला चेहरा पाहिल्यापासून माझ्या वर्गातला डबा फक्त खळबळण्यापुरता उरला आहे.

भुसावळहून
ताई, मी आपल्याशी सहमत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्यात कूलरचा झोत अंगावर घेऊन आपण काम करतो. अ‍ॅक्रिलिकमधले पाणी उडाले की त्यातले पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा धरतात, आणि तो पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. जलरंगाचा वाळलेला कुंचला दुसऱ्या दिवशी भिजवून चालतो, हा मात्र चालत नाही. भिंतीवर काम करताना माझ्याजवळ एका वेळी पाच-सहा कुंचले असतात. फोन घ्यायला गेलो तरी बाहेर राहिलेला कुंचला कडक होतो. दगड झालेल्या कुंचल्यापेक्षा टोक वळलेला कुंचला मला केव्हाही परवडतो.

धागाकर्ती
दादा, उन्हाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण त्यावरचा उपाय उभा डबा नाही. उथळ ताटलीत बोटभर पाणी घेऊन कुंचला काठावर आडवा टेकवावा, म्हणजे केस ओले राहतात, दांडा कोरडा राहतो आणि टोकावर भार येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रंग नळीपर्यंत चढू देऊ नये, केसांचा पुढचा अर्धा भागच बुडवावा. कुंचला मरतो तो टोकाला नव्हे, तर नळीच्या तोंडाशी. तिथे रंग वाळला की केस आतून फाकतात आणि मग कितीही धुतले तरी धार येत नाही.

चित्रकला शिक्षक, धुळे
आपण दोघेही सिंथेटिक कुंचले गृहीत धरून बोलत आहात. ते केस पाणी फारसे शोषत नाहीत, म्हणून थोडा वेळ पाण्यात राहिले तरी निभावते. डुकराच्या केसांचा कुंचला मात्र पाण्यात राहून मऊ पडतो आणि जाड रंग ओढण्याचा त्याचा ताठरपणाच जातो. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाला ताटली देणे शक्य नाही, त्यामुळे मी सगळा जोर शेवटच्या धुण्यावर देतो. आधी फडक्याने रंग पुसून घ्यायचा, मग कोमट पाण्यात अंगाच्या साबणाने तळहातावर घोळवून नळीच्या तोंडाशी बोटांनी दाबत धुवायचे. इथे बोअरचे जड पाणी हीच मोठी अडचण आहे: साबणाला फेस येत नाही आणि चिकट साका केसांत बसतो. त्यासाठी मी पिण्याच्या पाण्याचा एक तांब्या बाजूला ठेवतो. धुतल्यावर कुंचले आडवेच वाळवायचे, कारण उभे ठेवले की पाणी नळीत उतरते.

भुसावळहून
सर, धुण्याबद्दल वाद नाही. कडक झालेला कुंचला मीही आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कधीकधी वाचवतो, जरी पहिल्यासारखा तो होत नाही. मात्र परांचीवर बारा फुटांवर ताटली टेकवायला जागा नसते आणि वारा पाणी उडवतो. तिथे मी ओल्या फडक्यात केस गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधून पाहीन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुंचले ओले राहिले, तर डबा खाली ठेवीन. नाही राहिले, तर माझे मत आहे तेच राहील.