पहिला नोड परत आला, आता दुसऱ्याला हात कधी लावायचा?

रात्रपाळी

मंडळी, जरा लांबलचक आहे, पण वाचा.

माझ्याकडे पोस्टग्रेस डेटाबेसचे ११ क्लस्टर आहेत. प्रत्येकात दोन नोड (म्हणजे दोन मशीन), आणि त्यांना सांभाळणारे पेसमेकर आणि कोरोसिंक. एकावर प्रायमरी (लिखाण घेणारा डेटाबेस), दुसऱ्यावर रेप्लिका (त्याची चालती नक्कल), आणि प्रायमरीच्या मागे मागे फिरणारा व्हर्च्युअल आयपी. दर महिन्याला पॅच लावायचे म्हणजे रात्री बारा ते पहाटे चार, दोन टर्मिनल आणि एक वही. वहीत १७ पायऱ्या, काहींच्या पुढे "घाई नको" असं लाल पेनाने लिहिलेलं.

या १७ पायऱ्या मी अँसिबलच्या (कामं आपोआप करणारं टूल) प्लेबुकमध्ये उतरवल्या. टेस्ट क्लस्टरवर नऊ वेळा चालवली, नऊही वेळा हिरवीगार. लाइव्हवर पहिले दोन क्लस्टरही सुरळीत. तिसऱ्यावर मात्र रेप्लिकाचा नोड स्टँडबाय (कामातून बाजूला) झाला, पॅकेजेस लागली, रीबूट झाला, परत आला, आणि प्लेबुकने लगोलग प्रायमरीचा नोड स्टँडबायला टाकला. साधारण मिनिटभराने त्या नोडला स्टोनिथने (बेभरवशाचा नोड जबरदस्तीने बंद करणारी यंत्रणा) गोळी घातली! पहिल्या नोडवरची रेप्लिका काही प्रायमरी व्हायला तयार होईना. ११ मिनिटं डेटाबेस बंद. पेसमेकरचा लॉग वाचून डोळे गेले, पण गोळी का घातली ते कळत नाही. अँसिबलच्या लॉगमध्ये तोपर्यंतचं प्रत्येक टास्क ओके.

दोन प्रश्न. एक, हे झालं कसं? दोन, पहिला नोड "खरंच" परत आला हे प्लेबुकला कसं कळावं? मी वहीवर असताना कसं ठरवायचे ते आठवायचा प्रयत्न केला, तर उत्तर आलं: चहा संपला की.

मधला_कंस

सिरियल: १ टाका. मॅक्स फेल पर्सेंटेज: ० टाका. एका वेळी एकच नोड जाईल, चुकलं की तिथेच थांबेल. झालं.

रात्रपाळी

दोन्ही आहेत हो. एका वेळी एकच गेला. चुकलंच नाही काही, म्हणून तर थांबलं नाही.

जुनी_तार

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आलं.

आधी गोळीचं. पोस्टग्रेस नीट बंद होताना जोडलेल्या रेप्लिकांना उरलेला सगळा वॉल (बदलांची नोंदवही) पाठवून मगच बंद होतो. तुमची रेप्लिका रीबूटहून नुकतीच आलेली, बरीच मागे असणार. रात्री एखादा जड जॉब चालू होता का बघा. प्रायमरीला "थांब" म्हटल्यावर तो इमानदारीत वॉल पाठवत बसला. तुमच्या रिसोर्सचा (पेसमेकर सांभाळतो ती गोष्ट, इथे डेटाबेस) स्टॉप टाइमआउट ६० सेकंद असेल, तेवढ्यात त्याचं आवरलं नाही. पेसमेकरच्या हिशेबी स्टॉप फसला. आणि फेन्सिंग (स्टोनिथची गोळी ती हीच) चालू असताना स्टॉप फसला की पेसमेकर मुळातच त्या नोडला फेन्स करतो, कारण डेटाबेस तिथे अजून जिवंत आहे की नाही याची खात्री उरत नाही. तेव्हा गोळी बरोबरच होती. मागे पडलेल्या रेप्लिकेने प्रायमरी व्हायला नकार दिला तोही बरोबर, नाहीतर डेटा गेला असता. क्लस्टरमधला प्रत्येक जण शहाण्यासारखा वागला, चुकीच्या वेळी ढकललं ते प्लेबुकने.

टेस्टवर नऊ वेळा जमलं कारण टेस्टवर कोणी लिहीतच नाही. रेप्लिका दोन सेकंदांत बरोबरीला येते. पीजीबेंच (पोस्टग्रेसवर भार टाकणारं टूल) लावून दणकून लिखाण चालू ठेवा आणि मग दहाव्यांदा चालवा, तिथेच मरेल.

आता "परत आला" म्हणजे काय. अँसिबलचं रीबूट मॉड्यूल इतकंच बघतं की मशीन खरंच बूट झालं आणि एसएसएच लागून एक साधी कमांड चालली. त्याचा ओके डेटाबेसबद्दल अवाक्षर काढत नाही. (त्याचा मुळातला टाइमआउट ६०० सेकंद. ढीगभर रॅमवाल्या मशीनला बूट व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, तोही वाढवून ठेवा, नाहीतर उलट्या बाजूने फसाल.)

माझ्याकडे दोन नोडांच्या मध्ये एक छोटी स्क्रिप्ट बसते, तिला आम्ही दारवान म्हणतो. ती प्रायमरीवर जाऊन पीजी स्टॅट रेप्लिकेशन (रेप्लिका कुठवर आली ते सांगणारा तक्ता) बघते: स्टेट "स्ट्रीमिंग" हवी. "कॅचअप" (अजून मागचं भरून काढतेय) दिसलं तर नाही. रिप्ले एलएसएन (रेप्लिकेने वॉल कुठवर लावला ती जागा) आणि प्रायमरीचा आताचा एलएसएन यांतलं अंतर एका एमबीच्या आत हवं. आणि हे एकदा नाही, २० सेकंदांच्या अंतराने लागोपाठ तीनदा. एकदा खरं निघणं योगायोग असतो. शिवाय पेसमेकरमध्ये दोन्ही नोड ऑनलाइन आणि फेल्ड अॅक्शन्सची यादी रिकामी. क्वेरीच लागली नाही, आउटपुट रिकामं आलं, तर तेही "नाही" धरायचं. नवशिक्या स्क्रिप्टा इथेच मार खातात, ओळच आली नाही म्हणजे तक्रार नाही असं समजतात.

हाच दारवान पहिल्या नोडला हात लावण्याआधीही उभा करा. आधीच लंगडत असलेल्या क्लस्टरवर अपग्रेड सुरू करणं मी स्वतः केलेलं आहे, पुन्हा करणार नाही.

प्रायमरी हलवण्याआधी त्यावर हाताने एक चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) द्या. बंद होतानाचा चेकपॉइंट मग हलका जातो. आणि स्टॉप टाइमआउट वाढवा, ६० सेकंद लिहित्या डेटाबेसला फार कमी.

रात्रपाळी

बापरे. हो, दीड वाजता रिपोर्टचा जॉब सुरू होतो आणि मी १:४० ला तिथे पोचले होते. टाइमआउटही बरोबर ६०.

अजून एक. प्लेबुकमध्ये कोणता नोड आधी हे मी इन्व्हेंटरीत (अँसिबलची मशीनची यादी) लिहून ठेवलंय, "अ" आधी, मग "ब". ते चालेल ना?

जुनी_तार

नाही. एक अपग्रेड झालं की भूमिका बदलतात, पुढच्या महिन्यात "अ" वर प्रायमरी असेल. रेप्लिका कुठे आहे ते त्या क्षणी क्लस्टरलाच विचारा. आणि अपग्रेडनंतर प्रायमरी मूळ जागी परत आणायचा मोह टाळा. रिसोर्स स्टिकिनेस (आहे तिथेच राहण्याचा कल) शून्य असेल तर नोड परत घेतल्याबरोबर रिसोर्स आपणहून उड्या मारू शकतात, म्हणजे फुकटचा आणखी एक धक्का. ती १०० वगैरे ठेवा.

पायरी_अठरावी

वरचं सगळं मान्य, फक्त एक भर. वहीच्या काळात कोणी "पीसीएस रिसोर्स मूव्ह" (रिसोर्स हाताने दुसऱ्या नोडवर हलवणारी कमांड) वापरलं होतं का? जुन्या आवृत्त्यांत ती कमांड मागे एक लोकेशन कन्स्ट्रेंट (रिसोर्स कुठे असावा याचा नियम) सोडून जायची, इन्फिनिटी स्कोअरचा. मग स्टिकिनेस कितीही द्या, रिसोर्स तिकडेच धावतो. आमच्याकडे असला एक दोन वर्षं पडून होता, कोणी टाकला याचा पत्ता नाही. प्लेबुक सुरू होताना कन्स्ट्रेंट तपासा, "सीएलआय" ने सुरू होणारं नाव दिसलं की थांबा.

आणि डेबियन किंवा उबुंटू असेल तर अनअटेंडेड अपग्रेड्सचं (आपोआप अपडेट लावणारी सोय) ऑटोमॅटिक रीबूट बंद आहे ना ते बघा. दोन्ही नोडांवर एकच कॉन्फिग फाइल, दोन्हींत रीबूटची वेळ "०२:००", म्हणजे दोघे हातात हात घालून खाली. त्याला क्लस्टर आहे हेच माहीत नसतं. प्लेबुकपेक्षा हा चोर मोठा.

रात्रपाळी

आठवड्याने परत आले. दोन कन्स्ट्रेंट सापडले, एक माझ्याच हातचा निघाला, वहीत तारीखही आहे. रीबूट बंदच होतं, देवाची कृपा.

टेस्टवर लिखाण चालू ठेवून जुनी प्लेबुक चालवली, पहिल्याच फेरीत गोळी. मग दारवान बसवला, स्टॉप टाइमआउट ३०० केला. काल रात्री चौथ्या क्लस्टरवर गेले. पहिला नोड परत आला आणि दारवान अडून बसला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. कंट्रोल सी दाबून हाताने पुढे जायची इतकी इच्छा झाली! अंतर बघितलं तर कमी होण्याऐवजी वाढत होतं, रिपोर्टचा जॉब अजून चालू. २:३५ ला तो संपला, २:४१ ला दारवानाने सोडलं, प्रायमरी नऊ सेकंदांत हलला.

आता पुढच्या वेळी मी जागी नसणार, म्हणून विचारते. दारवानाने वेळ संपल्यावर हात वर केले तर प्लेबुकने मला फोन करून उठवावं, की सकाळपर्यंत राहू द्यावं?

जुनी_तार

कुठे थांबली त्यावर. रेप्लिका नव्या मायनर आवृत्तीवर, स्ट्रीमिंग चालू, प्रायमरी जुन्यावर: झोपा. मायनर अपग्रेडला रेप्लिका आधी हाच क्रम असतो, सकाळपर्यंत काही बिघडत नाही. नोड स्टँडबायमध्येच अडकला, किंवा स्ट्रीमिंगच नाही: फोन, कारण त्या घडीला तुमच्याकडे एकच नोड आहे. पेसमेकरचीही आवृत्ती बदलत असाल तर मात्र अर्धवट अवस्था दिवसेंदिवस ठेवू नका. चालू असलेले नोड सगळे नवे झाले आणि जुना तेव्हा बाहेर असला, तर अपग्रेड केल्याशिवाय तो आत घेतला जात नाही.

मधला_कंस

मी माझं "झालं" मागे घेतो. दारवान इथे टाकाल का?

रात्रपाळी

टाकते. आधी त्यातून आमचे आयपी काढू दे.