फोमचं चिलखत म्हणजे नुसती नक्कल? मग बोलूच या

हीटगन_धायरी

काल इथे एका काकांनी लिहिलं, "पुण्यातली पोरं आयर्न मॅनचं चिलखत नि स्टार वॉर्समधल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकाचं हेल्मेट करण्यात महिनेच्या महिने आणि आईबापांचे पैसे घालवतात. दुसऱ्याने कल्पलेलं जसंच्या तसं उतरवणं ही कला नव्हे, परदेशी कंपन्यांची फुकट जाहिरात आहे. त्यापेक्षा दिवाळीत किल्ला करा, मराठी विज्ञानकथा वाचा." खाली 'अगदी बरोबर'ची रांग. म्हणून हे उत्तर, लांबलं तर लांबू दे.

काका, 'जसंच्या तसं' होतच नाही. अलीकडच्या चित्रपटांत आयर्न मॅनच्या सूटचा बराचसा भाग संगणकावर काढलेला असतो. माणसाने तो घालून जिना चढायचाय, याचा विचार तिथे कुणी केलेला नसतो. कोपर वाकलं की दंडाची पट्टी कुठे सरकणार, खांद्याची वाटी गळ्यात रुतू नये म्हणून ती कशावर टांगायची, हे सगळं आम्हाला नव्याने शोधावं लागतं. कागदी कटिंग अंगाला लावून बघायचं, मग ईव्हीए फोम, म्हणजे चटईचा असतो तसला रबरासारखा फोम, कापायचा. छातीला दहा मिलिमीटर, बारकाव्याला दोन. पातं तिरकं धरलं नाही तर सांधा उघडा पडतो. हीटगनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, फोमची भोकं मिटवून घेतली नाहीत तर सगळा रंग तो पिऊन टाकतो. एसआर गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, आणि एकदा टेकवलं की सुधारायला वाव नाही. एलईडी तपकीर गल्लीतून आणायचे आणि सोल्डरिंग स्वतः शिकायचं. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं केली, पण सर्किट जळल्यावर नेमकं कुठे बघायचं हे मला त्या छातीतल्या दिव्याने शिकवलं. कॉलेजच्या प्रदर्शनात तो सूट ठेवू दिला नाही, 'हा प्रोजेक्ट नाही' म्हणून. त्याच टेबलावर बाजारातून विकत आणलेली तयार मॉडेलं मांडली होती. याचा राग आजही आहे.

आणि महाराष्ट्रातच मालेगाव आहे हो! यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख आणि मित्रांनी हिरवं कापड लावून स्वतःचा सुपरमॅन उडवला. त्यावरचा माहितीपट 2008चा, आणि 2025मध्ये त्या मंडळींवर हिंदी चित्रपटसुद्धा आला. त्यांनाही आधी 'काहीतरी स्वतःचं करा' म्हणून घरी बसवायला हवं होतं का?

जुना_वाचक_सदाशिव

ती पोस्ट माझीच. एक शब्द मागे घेणार नाही.

मालेगाव मान्य. त्यांनी सुपरमॅनला मालेगावचा केला, त्याच्या तोंडी तिथली भाषा आणि तिथल्या अडचणी घातल्या. तुमचा सूट पुण्याचा कुठे आहे? 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे परीक्षकांनी नाव बघून बक्षीस द्यायला नको. ते केंब्रिजहून आलेले, गुरू फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहिणारे. तरी लिहिलं ते मराठीत आणि स्वतःचं. ज्या शहरात हा माणूस राहिला, तिथल्या मुलांना एकही मराठी अंतराळवीर अंगावर चढवावासा वाटत नाही, हे मला लागतं.

दुसरं म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या घरात भाडेकरू आहात. स्टार ट्रेकच्या चाहत्यांनी लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरच्या वर जमवून चित्रपट काढायला घेतला, तर 2015च्या डिसेंबरात मालक कंपन्यांचा खटला पडला आणि 2016मध्ये चाहत्यांच्या चित्रपटांसाठी त्यांचे नियम आले: एक गोष्ट पंधरा मिनिटांची, दोन भाग केले तरी एकूण तीस, वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत. पोशाख अधिकृत बाजारात मिळत असेल तर तोच वापरा, नक्कल नको. ज्याच्यावर तुम्ही जीव ओवाळता, तो मालक तुम्हाला मोजून मिनिटं देतो.

हीटगन_धायरी

मालक मराठी असला म्हणून काय फरक पडतो? भा. रा. भागवत 2001 साली गेले. आपल्या कायद्याने लेखकाचा कॉपीराइट मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे फुरसुंगीच्या फास्टर फेणेवर चित्रपट काढायला 2061 संपेपर्यंत वारसांची परवानगी लागणार. आणि भागवतांनी स्वतः ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता. दुसऱ्याचं प्रेमाने हाताळत हात तयार होतो, तो असा.

भाडेकरूचं म्हणाल, तर 2015च्या स्टार वॉर्स चित्रपटातला आरटू-डीटू हा यंत्रमानव करायला ब्रिटनमधल्या दोन हौशी बिल्डरांनाच बोलावलं होतं, कारण तो कसा करायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रेझिन_पाषाण

फोमवाल्यांनी एवढं भाव खायचं कारण नाही. थ्रीडी प्रिंट केलं की 'हे काय, मशीनने केलं' म्हणणारे हेच. सँडिंग कोण करतं? मशीन? माझ्या नखांत अजून प्रायमर आहे.

कसबा_किल्लेदार

किल्ला करा म्हणणाऱ्यांनी दिवाळीच्या आधी रस्त्यावर एक चक्कर मारावी. प्लास्टरचा तयार किल्ला, रंगवलेला, वर दोन बुरूज, घरी नेऊन ठेवला की झालं. कुठला गड विचारा, विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. आमच्या वाड्यात पोती, विटा, गाळलेली माती, वर हाळीव पेरलेलं. मावळे कुंभारवाड्यातले. राजगड करायचा तर तिन्ही माच्या आल्याच पाहिजेत, आणि संजीवनीची दुहेरी तटबंदी. ती मातीत उभी करताना मला पहिल्यांदा कळलं की बाहेरची भिंत पडली तरी आतली लढती का राहते.

खरं सांगू? आमचा किल्ला म्हणजे तरी काय! ज्या राजावर आणि गडावर जीव आहे, ते हाताने पुन्हा उभं करणं. हेही फॅन प्रोजेक्टच, चाहत्याने हौसेने केलेलं काम.

जुना_वाचक_सदाशिव

शब्द जपून वापरा. महाराज हे कुणा कंपनीचं पात्र नाही. त्यांच्या गडाला तुम्ही त्या रबरी सोंगांच्या पंगतीला बसवता?

कसबा_किल्लेदार

सोंग कुणाला म्हणता? मी महाराजांना कुठेही बसवलेलं नाही. मी माझ्या हातांबद्दल बोलतोय. माझी भक्ती तुम्ही मोजायची गरज नाही, आमच्या चार पिढ्या याच पेठेत गेल्या.

रेझिन_पाषाण

मी मागच्या दिवाळीत तोरणा प्रिंट करून मातीत बसवला, तर स्पर्धेतून बाद. नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

कसबा_किल्लेदार

बाद केला तेच योग्य. किल्ला मातीचाच.

रेझिन_पाषाण

मग तुम्ही आणि काका एकाच बाजूचे. मावळे विकत आणलेले चालतात, बुरूज मी स्वतः संगणकावर चढवलेला चालत नाही?

हडपसरची_आई

माझा मुलगा दहावीत हे घेऊन बसला तेव्हा मीही काकांसारखंच बोलत होते. हा मुलगा वर्गात कुणाशी बोलायचा नाही. हेल्मेट करायला लागल्यावर बोहरी आळीत जाऊन दुकानदारांशी घासाघीस करू लागला. काका, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, आपली पात्रं हवीत. पण माझ्या पोराला बोलतं त्या परक्या हेल्मेटनेच केलं, त्याला मी काय करू? एकच विचारायचंय. त्या गोंदाच्या वासाने त्याचं डोकं चढतं. साधा एन-95 चालतो का?

हीटगन_धायरी

नाही, ताई. एन-95 धूळ अडवतो, वाफ नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला अर्धा मास्क घ्या, सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. आणि काम गच्चीत, खोलीत नको. फोम घासताना मात्र धुळीचा फिल्टरही लावायचा.

जुना_वाचक_सदाशिव

मुलाच्या फुप्फुसांची काळजी घ्या, त्याबद्दल वाद नाही. तो शिकतोय हेही मान्य करतो, मनाविरुद्ध. पण नारळीकरांच्या कथेतलं एखादं यान, एखादा पोशाख करून दाखवेपर्यंत बाकी काही मान्य करणार नाही. आणि किल्ल्याला फॅन प्रोजेक्ट म्हणणं तर कधीच नाही.

हीटगन_धायरी

पोशाख करीन. पण कथेत त्याचं वर्णन किती आहे ते आधी बघावं लागेल. कागदावर दोन ओळी असल्या तर बाकीचा माझा मलाच रचावा लागेल. मग त्यात हे कथेत नव्हतं, ते कथेत नव्हतं, असं म्हणायला येऊ नका.