विषय: शनिवारचा हॉल – फॉयरमधलं टेबल (तातडीचं)

मंडळी, चर्चच्या ऑफिसचा निरोप आलाय. मतदार मार्गदर्शिकांचं टेबल रविवारच्या उपासनेसाठी लावलंय, ते हलवणार नाहीत. आपला चहा तिथेच आहे. आज रात्रीपर्यंत सांगा.
– हॉल समिती

> आपला चहा तिथेच आहे

चहा आतल्या वर्गखोलीत न्या. आपला बॅनर आणि ती पत्रकं एका फोटोत येता कामा नयेत, स्वयंसेवकांनी ती वाटू नयेत. आपलं मंडळ ५०१-सी-३, म्हणजे अमेरिकेत करसवलत असलेली सेवाभावी संस्था आहे. १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीनुसार अशा संस्थांना उमेदवाराची बाजू घेणं किंवा विरोध करणं बंद. मार्गदर्शिका मी पाहिली: तीनच मुद्दे, आणि पुढे चर्चच्या भूमिकेप्रमाणे बरोबर-चूक खुणा. मुद्दे भरपूर आणि प्रश्न तटस्थ असते तर चाललं असतं. पीअर्स क्रीक चर्च आठवा: १९९२ मध्ये क्लिंटनविरोधी पानभर जाहिरात, १९९५ मध्ये करसवलत रद्द, २००० मध्ये अपीलही फेटाळलं.
– खजिनदार

काका, जुलै २०२५ मध्ये आयआरएसनेच (अमेरिकेच्या करखात्याने) टेक्सासच्या कोर्टात लिहून दिलंय की चर्चला हे लागू नाही. मग आपण का घाबरायचं?
– माजी अध्यक्ष

कोर्टातला तो अर्ज नीट वाचा. प्रार्थनास्थळाने उपासनेच्या संदर्भात, नेहमीच्या मार्गाने, आपल्याच सभासदांशी बोलणं, एवढ्यापुरतंच ते आहे. मंडळ हे प्रार्थनास्थळ नाही.
– खजिनदार

टेबलाचं राहू द्या, इव्हँजेलिकल (सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) चर्चचा हॉलच नको म्हणून मी मार्चपासून सांगतेय. हे सगळे एकाच पक्षाचे.
– कार्यक्रम समिती

वहिनी, हे बरोबर नाही. इव्हँजेलिकल मंडळींच्याच १९७४ च्या लोझान करारात सुवार्ता आणि सामाजिक-राजकीय सहभाग ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्यं म्हटली आहेत. पक्षाचं नाव नाही. सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या १९७१ च्या ठरावात तर बलात्कार किंवा आईच्या आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताला कायदेशीर मुभा असावी असं होतं. पुढे भूमिका बदलली, पण ती आधीपासून एकच होती असं समजू नका. आणि ८० डॉलर तासाला दुसरा हॉल दाखवा.
– ग्रंथालय

दीपप्रज्वलनाला सिटी कौन्सिलचे सदस्य येताहेत, ते पुन्हा उभे आहेत. त्यांचं काय?
– कार्यक्रम समिती

सदस्य म्हणून येऊ द्या. पत्रिकेत, निवेदनात निवडणुकीचा उल्लेख नको, देणगीपेटी नको. उमेदवार म्हणून बोलवायचं तर त्याच पदाच्या सगळ्यांना सारखीच संधी द्यावी लागेल.
– खजिनदार

वर्गखोलीत प्लग एकच आहे. चहाचे दोन्ही अर्न लावले तर ब्रेकर पडेल. एक्स्टेंशन कोण आणतंय?
– हॉल समिती