फातोर्ड्यात सिंगापूरकडून हरलो ते हरलो, पण पोरं एवढी मलूल का दिसली?

मडगाववाला:
आपल्या भारताच्या फुटबॉल टीमची कालची मॅच (१४ ऑक्टोबर २०२५) इथे मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या स्टँडमधून बघितली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही म्हणून इथे विचारतोय. २-१ हरलो, २०२७ चा आशिया कप गेला, २०१९ आणि २०२३ ला लागोपाठ पोचलो होतो आणि आता हे. रँकिंगला आपण १३४ आणि ते १५८, पण रँकिंगचं सोडा, मला खुपतंय ते वेगळंच. १४व्या मिनिटाला छांगतेने लांबून काय मारला होता, अख्खं स्टेडियम उभं राहिलं, वाटलं आज होणार. मग ४४व्या मिनिटाला सोंग उई-यंगने बरोबरी केली आणि ५८व्याला परत त्यानेच टाकला. त्यानंतर अर्धा तास शिल्लक होता हो! घरचं मैदान, हरलो तर बाहेर हे सगळ्यांना माहीत, आणि तरी टीमच्या अंगात जीवच नाही असं वाटत होतं. एकदोन चान्स आले, नाही असं नाही, पण जीव तोडून खेळणं म्हणतात ते दिसलं नाही. आमच्या समोरच एक थ्रो-इन मिळाला, बॉल लगेच हातात आला, थ्रो घेणारा बॉल डोक्यावर धरून उभा आणि समोरचे तिघे मार्क झालेले, पण एकही जण दोन पावलं पळून जागा करून देईना. शेवटी बॉल मागे टाकला. हे मला बघवलं नाही. तुम्हाला काय वाटतं, पाय संपले होते की मनच संपलं होतं?

पेठेतला_स्टॉपर:
भाऊ, पाय संपले होते, मला तरी यात शंका नाही. कॅलेंडर काढून बघा ना. आयएसएलची (आपली इंडियन सुपर लीग) फायनल १२ एप्रिलला झाली, मे महिन्याच्या सुरुवातीला सुपर कप संपला, आणि जुलैत कळलं की पुढचा सीझन होल्डवर, कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांचा करार डिसेंबरात संपतोय आणि पुढचं काही ठरलेलं नाही. ड्युरंड कप झाला पण आयएसएलचे कितीतरी क्लब तिकडे फिरकलेच नाहीत. ऑगस्टमध्ये बंगळुरूसारख्या क्लबने पहिल्या टीमचे पगार थांबवले. म्हणजे ऑक्टोबर उजाडला तरी आपल्या बऱ्याच प्लेयरच्या पायात चार-पाच महिन्यांत मोजक्याच खऱ्या मॅच, आणि त्यांना आपण म्हणतोय नव्वद मिनिटं प्रेस करा, म्हणजे समोरच्याच्या अंगावर जाऊन बॉल हिसकावत राहा.
आमच्या कोल्हापुरात हे लहान पोरगं पण सांगेल. पावसाळ्यानंतर शाहू स्टेडियमवर सीझन सुरू झाला की पहिल्या दोन मॅचमध्ये साठाव्या मिनिटानंतर बघायचं, पोरं पटापट खाली बसतात, पिंडऱ्यांत गोळे, कोणीतरी पाय वर धरून दाबतंय. तीच पोरं फेब्रुवारीत शंभर मिनिटं पळतात. दोन्ही वेळेला जिद्द तीच असते हो, पेठेची मॅच असल्यावर जिद्द कमी असेल का कुणाची? फरक फक्त मॅच खेळल्याचा. प्रॅक्टिसला कितीही पळवा, ते अंगात मॅचमध्येच भिनतं.

डोंबिवली_फास्ट_विंगर:
पेठेतला, तुझं लीगबद्दलचं सगळं मान्य, पण मला हे कारण पूर्ण पटत नाही आणि का ते सांगतो. ९ तारखेला सिंगापूरमध्ये काय झालं? झिंगन ४७व्या मिनिटाला रेड घेऊन बाहेर, १-० ने मागे, दहा जणांनी दुसरा हाफ काढला आणि ९०व्या मिनिटाला रहीम अलीने गोल केला. हीच पोरं, हेच पाय, लीग तेव्हाही नव्हती. ऑगस्टअखेरीस सुरू झालेल्या काफा (मध्य आशियाच्या) नेशन्स कपला ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात २-१ हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला, तोही मोहन बागानने प्लेयर सोडले नव्हते तरी. मग दम तेव्हा कुठून आला?
माझं म्हणणं असं आहे की आपल्या टीमला मागे राहून सोसायला जमतं, बॉल ताब्यात असताना काय करायचं ते जमत नाही. आपले कोच खालिद जमील, खालिदसरांबद्दल मला मनापासून आदर आहे, मुंबई एफसीच्या काळापासून बघतोय, आयझॉलला आय-लीग जिंकून दिली तेव्हा तर डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्यांची पद्धत बचाव घट्ट ठेवून संधीची वाट बघायची आहे. काल १-० झाल्यावर आपण आपोआप दहा-पंधरा मीटर मागे सरकलो, मधली जागा सिंगापूरला देऊन टाकली, आणि मग ४४ मिनिटं होईपर्यंत नुसतं बॉलच्या मागे पळालो. बॉलच्या मागे पळून माणूस जास्त दमतो, बॉल घेऊन नाही. म्हणून शेवटी ती पोरं मलूल दिसली. प्लॅन चुकला की एनर्जी आपोआप जाते. चार मॅचमध्ये दोन गोल केलेत आपण या क्वालिफायरमध्ये, दोन! शिलाँगला बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगला ९४व्या मिनिटाला पेनल्टी देऊन १-० ने हरलो. आणि मार्चमध्ये शिलाँगला खेळलो तेव्हा लीग चालूच होती, तेव्हा तर मॅच फिटनेसचं कारण नव्हतं ना?

टॅम्पिनीसकर:
सिंगापूरमधून लिहितोय, नऊ वर्षं इथे आहे. पहिली मॅच नॅशनल स्टेडियमला जाऊन बघितली, आपले लोक भरपूर आले होते. दोन्ही बाजूंचं थोडं बरोबर आहे असं म्हणून सोडून देत नाही, मला पेठेतल्याचं जास्त पटतं. इथली लीग ऑगस्टपासून चालू आहे, बरेचसे नॅशनल प्लेयर त्याच लीगमध्ये दर आठवड्याला खेळतात, टीम लायन सिटी असो की टॅम्पिनीस. डोंबिवलीवाल्या दादांनी रेड कार्डचा दाखला दिला, पण तोच दाखला उलटा पण वाचता येतो. दहा जणांनी अर्धी मॅच पळायची, मग विमानाने गोव्याला, आणि पाचव्या दिवशी ऑक्टोबरच्या त्या दमट हवेत परत नव्वद मिनिटं. सिंगापूरनेपण तोच प्रवास केला हे खरं, पण त्यांनी ती अर्धी मॅच अकरा विरुद्ध दहा खेळली होती आणि त्यांच्या अंगात दोन महिन्यांच्या मॅच होत्या. एकदा खेचून नेता येतं जिद्दीवर. लगेच दुसऱ्यांदा ते होत नाही.
बाकी सिंगापूरची टीम फार भारी आहे असं इथलं कोणी म्हणत नाही. पण काल पिछाडीवर असताना त्यांनी घाई केली नाही, बॉल फिरवत राहिले, हे मात्र शिकण्यासारखं होतं.

शाळेची_कोच_पुणे:
मी चौदा वर्षांखालच्या मुलींना शिकवते त्यामुळे माझी नजर नेहमी बॉल नसलेल्या प्लेयरवर जाते, आणि मडगाववाला यांनी थ्रो-इनचं जे लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे. दमलेला प्लेयर सगळ्यात आधी काय सोडतो तर बॉल नसतानाचं पळणं. बॉल पायात आला की दमलेला माणूसपण धावतो. पण सहकाऱ्यासाठी रिकामं पळायचं, बॉल मिळणार नाही हे माहीत असूनही डिफेंडरला ओढून न्यायचं, ते पहिलं बंद होतं. टीव्हीवर ते दिसत नाही कारण कॅमेरा बॉलवर असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की पासिंग खराब आहे. पासिंग खराब नसतं, पास द्यायला कोणी नसतं. म्हणून "मनच नव्हतं" असं कोणी म्हटलं की मला त्या पोरांचं वाईट वाटतं. पगार थांबलेत, लीग कधी सुरू होणार माहीत नाही, काही जणांचं करिअर ऐन भरात असताना वर्ष वाया जातंय, आणि ते सगळं डोक्यात घेऊन देशासाठी उतरलेत.
डोंबिवली, मार्चच्या मॅचचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. तो प्रश्न लीगने सुटत नाही. पूर्ण २०२४ मध्ये आपण एकही मॅच जिंकलो नव्हतो, तेव्हा लीग व्यवस्थित चालू होती. गोल करणारा माणूस कुठे आहे? छेत्री २०२४ च्या जूनमध्ये रिटायर झाला आणि मार्चमध्ये परत बोलवावं लागलं, ४१ वर्षांचा आहे तो आता. क्लबमध्ये नऊ नंबरच्या जागेवर बहुतेक ठिकाणी परदेशी प्लेयर खेळतो, आपली पोरं विंगला ढकलली जातात, मग नॅशनल टीमला स्ट्रायकर आणायचा कुठून?

पेठेतला_स्टॉपर:
ताई, स्ट्रायकरचं एकदम बरोबर बोललात. आमच्या अनिकेत जाधवचंच बघा, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला फॉरवर्ड म्हणून खेळला, पुढे क्लबमध्ये बरेचदा विंगला.
आणि डोंबिवली, मागे सरकलो हे मी पण बघितलं. पण मागे का सरकतात? पुढे प्रेस करायला दम लागतो, तो नाही हे प्लेयरला आतून कळतं आणि लाईन आपोआप खाली येते, कोचने सांगावं लागत नाही. त्यात कॅम्प बंगळुरूला सप्टेंबरमध्येच सुरू झाला तरी क्लबांनी बरेच प्लेयर उशिरा सोडले, फिफा विंडो (देशाच्या मॅचसाठी फिफाने ठरवलेले दिवस) नसल्यामुळे सोडायचं बंधनच नव्हतं. कोचने एकत्र प्रेसिंग बसवायचं तरी कधी?

डोंबिवली_फास्ट_विंगर:
ठीक, कॅम्पचं मी धरलं नव्हतं, तो मुद्दा मोठा आहे. तरी १-० ने पुढे असताना हाफटाईमपर्यंत कसं खेळायचं हे मैदानावरच्या सीनियर लोकांना कळायला हवं होतं यावर मी ठाम आहे. बॉल ठेवा, फाउल काढा, थ्रोला वेळ घ्या, जमेल ते करा. ४४व्या मिनिटाला गोल खाणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

मडगाववाला:
सगळ्यांचे आभार, ताईंनी बॉल नसलेल्या पळण्याचं लिहिलं ते वाचून कालची मॅच परत डोळ्यासमोर आली आणि पटलं. मला अजून एक विचारायचंय. आपले ४ मॅचमध्ये २ पॉइंट, हाँगकाँग आणि सिंगापूर ८-८ वर. दोन्ही उरलेल्या जिंकल्या तरी आपले ८ च, आणि ते दोघं एकमेकांशी खेळणार म्हणजे कोणीतरी पुढे जाणारच. मग १८ नोव्हेंबरला ढाक्याला कोणाला न्यायचं? मी तर म्हणतो नौशाद मूसांच्या अंडर-२३ मधली पोरं सरळ उचला, सप्टेंबरमध्ये बहारीनला २-० आणि ब्रुनेईला ६-० मारलंय त्यांनी, सुहैल, विबिन मोहनन यांना खेळू द्या की.

टॅम्पिनीसकर:
सहा-सात जण नक्की न्या, पण सगळेच नको. ढाक्याला स्टेडियम खच्चून भरणार, हमजा चौधरीसारखा इंग्लंडात खेळलेला माणूस मधे उभा आहे त्यांच्याकडे. मागे अन्वर, गोलमध्ये गुरप्रीत, निदान पाठीचा कणा अनुभवी ठेवा.

शाळेची_कोच_पुणे:
मला पण असंच वाटतं. सुपर कप २५ ऑक्टोबरपासून गोव्यातच आहे, तिथे जो नव्वद मिनिटं बॉलशिवाय पळताना दिसेल त्याला न्या, मग तो तेवीसचा असो की तेहतीसचा. मडगाववाला, तुम्ही मॅचला जाणार असाल तर प्लीज इथे लिहा कोण पळतंय ते, टीव्हीवर आम्हाला दिसणार नाही.